फळमाशीच्या घड्याळाचं गणित: बाणांच्या चित्रात २४ तास कुठून येतात?

२०१७ साली जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हापासून जैविक घड्याळाचा विषय निघाला की एक चित्र हमखास समोर येतं. जनुकापासून प्रथिन तयार होतं, ते परत येऊन त्याच जनुकाचं काम थांबवतं, मग प्रथिन संपतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. चित्रात चूक काही नाही. पण ते कितीही वेळा पाहिलं तरी त्यात २४ तास सापडत नाहीत. हेच चक्र २४ मिनिटांत का पूर्ण होत नाही? ते मध्येच थंडावून एका जागी स्थिर का होत नाही? या प्रश्नांची उत्तरं बाणांत नसतात. प्रत्येक बाणाचा वेग किती आणि उशीर किती, यात ती असतात. ते शोधायचं तर समीकरणं मांडावी लागतात, आणि त्यासाठी फळमाशीइतका चांगला प्राणी दुसरा मिळालेला नाही.

आधी मोजतात काय?

फळमाशीचं शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. तिचं घड्याळ मोजायची पद्धत साधी आहे. सुमारे ६५ मिलिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत एकच माशी ठेवतात. नळीच्या एका टोकाला साखर आणि अगारचं अन्न असतं, दुसऱ्या टोकाला हवा जाऊ देणारा बोळा. नळीच्या मधोमध अवरक्त प्रकाशाचा किरण सोडलेला असतो. माशीने तो ओलांडला की एक नोंद होते.

पहिले काही दिवस १२ तास उजेड आणि १२ तास अंधार देतात. त्यानंतर पूर्ण अंधार. खरी मोजणी इथून सुरू होते, कारण आता माशीला वेळ सांगणारं बाहेर काहीच उरलेलं नसतं. तरीही ती दररोज जवळपास त्याच वेळी जागी होते. एका फेरीला लागणाऱ्या या वेळाला आवर्तकाळ म्हणतात. सामान्य माशीत तो २४ तासांच्या आसपास असतो.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. अंधारातले दोन-तीन दिवसच मोजले तर २३.५ आणि २४ तासांतला फरक कळत नाही. दहा दिवस मोजले तर रोजचा अर्धा तास साठून पाच तास होतात आणि डोळ्यांनाही दिसतो. फलित मादी ठेवली तर नळीत अळ्या होतात, त्या अन्न उकरतात आणि किरणही तोडतात, म्हणून बहुतेक प्रयोग नरांवर होतात. अन्न सुकलं तर माशी मरते. शेवटच्या दिवसांचे शून्य आकडे मग झोप म्हणून मोजले जातात आणि सगळं विश्लेषण बिघडतं.

याच माशीवर रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेन्झर यांनी १९७१ साली तीन प्रकारचे म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेल्या माश्या, दाखवले. एकाचा आवर्तकाळ १९ तास, दुसऱ्याचा २८ तास, आणि तिसऱ्यात लयच नाही. तिन्ही बदल एक्स गुणसूत्रावरच्या एकाच जागी होते. त्या जनुकाला ‘पीरियड’ हे नाव मिळालं. एका जनुकातल्या बदलाने घड्याळ पुढे धावतं, मागे पडतं किंवा बंद पडतं, ही माहिती गणित करणाऱ्याच्या फार कामाची आहे. मॉडेलला २४ तास दाखवून भागत नाही, त्याच यंत्रणेतून १९ आणि २८ तासही निघावे लागतात.

घड्याळाचे भाग

क्लॉक आणि सायकल ही दोन प्रथिनं जोडीने पीरियड आणि टाइमलेस या जनुकांना चालू करतात. जनुक चालू झालं की त्याची एम-आरएनए ही नक्कल बनते आणि तिच्यावरून पेशीद्रवात प्रथिन तयार होतं. पीरियड प्रथिनाला डबलटाइम नावाचं विकर (अभिक्रिया घडवून आणणारं प्रथिन, एन्झाइम) फॉस्फेटचे गट चिकटवत राहतं आणि त्यामुळे ते प्रथिन मोडीत निघू शकतं. टाइमलेसशी जोडी जमली तर ते टिकतं, पेशीकेंद्रकात शिरतं आणि क्लॉक-सायकल जोडीला थांबवतं. एम-आरएनए रात्रीच्या पूर्वार्धात शिखरावर असतो, तर प्रथिन त्यानंतर काही तासांनी, उत्तररात्री. या दोन शिखरांमधलं अंतर लक्षात ठेवा. सगळा खेळ तिथे आहे.

नुसता फीडबॅक म्हणजे घड्याळ नव्हे

प्रथिनाने स्वतःचंच उत्पादन रोखणं याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. शरीरात असे फीडबॅक असंख्य आहेत, आणि बहुतेकांचं काम अगदी उलट असतं: चढउतार थांबवून पातळी स्थिर ठेवणं. मग इथे लय कशी येते?

शॉवरखाली उभं राहून पाणी कोमट करायचा प्रयत्न आठवा. नळ फिरवल्यावर पाणी लगेच बदललं तर दोन-तीन प्रयत्नांत जमतं. पण गरम पाणी लांबच्या पाइपातून उशिरा येत असेल, तर आपण नळ जास्त फिरवून ठेवतो, मग चटका बसतो, मग उलट फिरवतो, मग गारठतो. दुरुस्ती जितकी उशिरा पोचते आणि आपण नळ जितका जोरात फिरवतो, तितकं हे हेलकावणं टिकतं. यात दोन गोष्टी आहेत: उशीर आणि प्रतिक्रियेचा तीव्रपणा. पेशीलाही याच दोन लागतात.

किती लागतात, हे ब्रायन गुडविन यांच्या १९६५ च्या मॉडेलवरून काढता येतं. साखळीत तीन टप्पे धरा: एम-आरएनए, पेशीद्रवातलं प्रथिन आणि केंद्रकातलं प्रथिन. तिन्ही सारख्याच वेगाने मोडतात असं माना. प्रतिक्रियेचा तीव्रपणा मोजायला ‘हिल गुणांक’ वापरतात. प्रथिन उंबरठ्याच्या पातळीला असताना उत्पादन निम्मं होतं. पातळी दुप्पट झाल्यावर ते किती कोसळेल, हे हा गुणांक ठरवतो. गुणांक १ असेल तर उत्पादन ३३ टक्क्यांवर येतं, ४ असेल तर जेमतेम ६ टक्क्यांवर.

गणित सांगतं की तीन टप्प्यांच्या साखळीत हा गुणांक ८ पेक्षा मोठा असल्याशिवाय लय टिकतच नाही. दोनच टप्पे असतील तर गुणांक कितीही वाढवा, हेलकावे विरतात. चार टप्प्यांत ४ च्या वर गुणांक पुरतो, पाच टप्प्यांत साधारण २.९ च्या वर. ८ पेक्षा मोठा गुणांक म्हणजे आठाहून अधिक रेणूंनी एकाच वेळी, एकदिलाने जनुकाला रोखणं. प्रत्यक्ष पेशीत हे पटण्यासारखं नाही. पण मधले टप्पे वाढले की ही अट झपाट्याने सैल होते. प्रथिनाला एकामागून एक फॉस्फेट चिकटणं वरवर पाहता निरर्थक वाटतं. गणिताच्या नजरेतून त्याचं काम कळतं: प्रत्येक फॉस्फेटबरोबर थोडा उशीर विकत घेतला जातो.

२४ तासांचा हिशेबही इथूनच निघतो. तीन टप्प्यांच्या मॉडेलमध्ये लय सुरू होते त्या सीमेवर आवर्तकाळ येतो ३.६३ भागिले विघटनाचा दर. उत्तर २४ तास हवं असेल तर दर ताशी ०.१५ लागतो. म्हणजे प्रत्येक टप्प्यावरचा निम्मा माल संपायला सुमारे ४.६ तास लागले पाहिजेत. पाच टप्पे असतील तर १.९ तास पुरतात. रेणूंचं काही तासांचं आयुष्य आणि टप्प्यांची संख्या, दोन्ही मिळून दिवस तयार होतो.

गोल्डबेटरची पाच समीकरणं

फळमाशीसाठी पहिलं ठोस मॉडेल आल्बर्ट गोल्डबेटर यांनी १९९५ साली मांडलं. त्यात पाचच राशी आहेत: एम-आरएनए, फॉस्फेट नसलेलं पीरियड प्रथिन, एक फॉस्फेट असलेलं, दोन फॉस्फेट असलेलं आणि केंद्रकातलं. प्रत्येक समीकरणाचा अर्थ एकच: बदलाचा वेग म्हणजे येणारं वजा जाणारं.

पहिल्या समीकरणात एम-आरएनए जास्तीत जास्त ताशी ०.७६ मायक्रोमोलर (रेणूंच्या दाटीचं एकक) या वेगाने तयार होतो. केंद्रकातल्या प्रथिनाची पातळी १ मायक्रोमोलर झाली की हा वेग निम्मा होतो. हिल गुणांक ४ आहे. विघटनाचा कमाल वेग ताशी ०.६५ आहे. ‘कमाल’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण मोडतोड करणारी विकरं मोजकीच असतात आणि माल कितीही साठला तरी ती ठरावीक वेगापलीकडे जाऊ शकत नाहीत. या मर्यादेमुळेही उशीर वाढतो आणि लय टिकायला मदत होते. पुढच्या तीन समीकरणांत फॉस्फेट चिकटतात आणि सुटतातही. दोन फॉस्फेटचं प्रथिन एकतर मोडतं (कमाल वेग ताशी ०.९५) किंवा केंद्रकात जातं (दर ताशी १.९), आणि केंद्रकातून परतही येतं (ताशी १.३). गुणांक धरून एकूण १८ स्थिरांक आहेत. ते मूळ किमतींवर ठेवले की आवर्तकाळ २४ तासांच्या जवळ येतो.

हे साध्या संगणकावर काही सेकंदांत चालतं. समीकरणं छोट्या पावलांनी सोडवण्याच्या रुंगे-कुट्टा पद्धतीने ०.०५ तासाच्या पावलांनी ५०० तास चालवा, पहिले २०० तास टाकून द्या, आणि उरलेल्या आलेखात लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर मोजा. पाऊल निम्मं करूनही तेच उत्तर आलं पाहिजे. वेगवेगळ्या सुरुवातीच्या पातळ्यांपासून चालवलं तरी शेवटी तोच आलेख मिळाला पाहिजे. सगळ्या वाटा ज्या एका फेऱ्याला येऊन मिळतात त्याला मर्यादा-चक्र म्हणतात. घड्याळ धक्क्यातून सावरतं ते या चक्रामुळे. नवशिक्यांची नेहमीची फसगत म्हणजे हळूहळू विरणाऱ्या हेलकाव्यांना टिकाऊ लय समजणं. पाचव्या आणि विसाव्या शिखराची उंची ताडून पाहिली की हे लगेच उघडं पडतं.

मॉडेल कुठे मोडतं, हेही पाहण्यासारखं आहे. लय नसलेला म्युटंट दाखवायला प्रथिनाचं उत्पादन शून्य करा. आता एम-आरएनएला रोखणारं कोणी नाही. तो ताशी ०.७६ ने बनतो आणि ०.६५ हून जास्त वेगाने मोडूच शकत नाही. म्हणजे तो अखंड वाढतच राहतो. खऱ्या म्युटंट माशीत मात्र त्याची पातळी चढउताराविना स्थिर असते. दोन आकड्यांची नुसती वजाबाकी केली तरी कळतं की हे मॉडेल निरोगी माशीच्या आसपास विश्वासार्ह आहे, या टोकाला नाही. कोणतंही मॉडेल वापरण्याआधी अशी टोकं तपासायलाच हवीत.

प्रथिन लवकर मोडलं तर घड्याळ पुढे धावेल का?

बहुतेकांचं सहज उत्तर ‘हो’ असतं. गोल्डबेटरच्या मॉडेलमध्ये उलट होतं: विघटनाचा वेग वाढवला की आवर्तकाळ लांबतो. कारण तिथे प्रथिन पेशीद्रवात, केंद्रकात जाण्याआधी मोडतं. गळती वाढली की पुरेसा साठा व्हायला जास्त वेळ लागतो. हेच विघटन केंद्रकात, रोखण्याचं काम चालू असताना वाढवलं तर रोध लवकर उठतो आणि फेरी आखूड होते. १९ तासांच्या म्युटंटमध्ये पीरियड प्रथिन खरोखरच नेहमीपेक्षा लवकर नाहीसं होतं, त्यामुळे नंतरच्या मॉडेलांना केंद्रकातल्या विघटनाला जागा द्यावी लागली. म्हणून ‘प्रथिनाचं विघटन वेगवान झालं’ हे वाक्य घड्याळाच्या बाबतीत अपुरं आहे. ते कुठे आणि फेरीच्या कोणत्या वेळी झालं, ते सांगावं लागतं.

तापमानाचं कोडंही इथेच सुटायला लागतं. रासायनिक अभिक्रियांचा वेग साधारणपणे १० अंशांना दुप्पट-तिप्पट होतो. तसं असतं तर १८ अंशांना २४ तासांचं घड्याळ २८ अंशांना १२ तासांचं झालं असतं. माशी स्वतःचं शरीर गरम ठेवू शकत नाही, तरीही तिचा आवर्तकाळ जवळपास बदलत नाही. सगळे वेग एकत्र दुप्पट केले तर आवर्तकाळ निम्मा होणारच, त्यातून सुटका नाही. मात्र प्रत्येक वेग तापमानाला वेगवेगळा प्रतिसाद देत असेल, आणि काही वेग वाढल्यावर आवर्तकाळ लांबत असेल, तर दोन्ही बाजूंचे परिणाम एकमेकांना खोडू शकतात. असे उलटे वेग असतात हे आपण आत्ताच पाहिलं. हा तोल नाजूक असतो: २८ तासांच्या म्युटंटमध्ये तो ढळलेला आहे, आणि तापमान वाढवलं की त्याचा आवर्तकाळ आणखी लांबतो.

उजेड घड्याळ कसं लावतो?

माशीच्या पेशीत क्रिप्टोक्रोम हे निळा प्रकाश टिपणारं प्रथिन असतं. उजेड पडला की ते टाइमलेसला विघटनाच्या मार्गाला लावतं. १९९८ साली लेलूप आणि गोल्डबेटर यांनी टाइमलेससह दहा समीकरणांचं मॉडेल केलं आणि उजेड म्हणजे ‘टाइमलेसच्या विघटनाचा वाढलेला वेग’ इतकंच धरलं. एवढ्या एका बदलातून बरंच काही उलगडतं. रात्रीच्या सुरुवातीला प्रकाशाचा झोत दिला तर टाइमलेस मोडतं, पण एम-आरएनए भरपूर असल्याने ते पुन्हा भरून निघतं. वाया गेलेल्या वेळाएवढं घड्याळ मागे जातं. उत्तररात्री झोत दिला तर भरपाईला एम-आरएनए उरलेला नसतो, रोध लवकर उठतो आणि घड्याळ पुढे जातं. दिवसा मोडण्यासारखं टाइमलेसच फारसं नसतं, म्हणून परिणाम नगण्य. प्रकाश तोच, यंत्रणा तीच, तरी वेळ बदलली की परिणामाची दिशा बदलते.

या सगळ्या शोधांच्या आधी, एकही घड्याळ-जनुक हाती नसताना, आर्थर विनफ्री यांनी निव्वळ भूमितीवरून एक भाकीत केलं होतं. हलक्या झोताने घड्याळ थोडं सरकतं आणि जोरदार झोताने पूर्ण नव्याने लागतं. या दोन प्रकारांच्या मधे अशी एक वेळ आणि अशी एक मात्रा असलीच पाहिजे की जिथे घड्याळाला कोणतीच वेळ उरत नाही. ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा या जवळच्या जातीत त्यांना ती जागा सापडली. अखंड उजेडातून अंधारात नेल्यावर ६.८ तासांनी, मंद निळा प्रकाश, सुमारे ५० सेकंद. एरवी कोषातून ठरावीक वेळी बाहेर पडणाऱ्या माश्या मग दिवसभर केव्हाही बाहेर पडू लागल्या. कमी किंवा जास्त प्रकाश दिला तर हे घडत नाही. या विषयातलं इतकं देखणं भाकीत दुसरं नसेल.

‘१८ आकडे हातात असतील तर काहीही सिद्ध करता येईल’

आक्षेप रास्त आहे. बरेच स्थिरांक थेट मोजलेले नसतात, अपेक्षित आलेख मिळेल असे निवडलेले असतात. जुन्या मोजमापांत आणखी एक अडचण आहे. प्रथिनाची पातळी मोजायला माश्यांची अख्खी डोकी वाटून अर्क काढत, आणि त्या अर्कात डोळ्यांच्या पेशींचा वाटा मोठा असतो. हालचालीची लय चालवणाऱ्या मेंदूतल्या शे-दोनशे चेतापेशींचा आवाज त्यात बुडून जातो. म्हणून २४ तासांचा आलेख जुळला याला फारशी किंमत नाही. जे जुळवण्यासाठी आकडे निवडले नव्हते, ते बरोबर निघालं का, हा खरा कस. म्युटंट, प्रकाशाचे झोत आणि तापमान या तिन्हींवर एकाच आकड्यांनी टिकणारं मॉडेल दुर्मीळ असतं.

दुसरी शंका रेणूंच्या संख्येची. समीकरणं सलग पातळ्या धरतात, पण पेशीत रेणू मोजके असतात आणि प्रत्येक अभिक्रिया योगायोगाने घडते. गोंझ, हॅलॉय आणि गोल्डबेटर यांनी २००२ साली प्रत्येक अभिक्रिया फासे टाकल्यासारखी चालवून पाहिली. एम-आरएनएचे रेणू दहांच्या आणि प्रथिनाचे शंभरांच्या घरात असले तरी लय टिकते, असं दिसलं. त्याहून कमी झाले की ती विस्कटते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. जनुक चालू-बंद होणं खरंच आवश्यक आहे का? २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी सायनोबॅक्टेरिया या प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंची तीन प्रथिनं आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) परीक्षानळीत एकत्र केली आणि जनुकाशिवाय २४ तासांची लय मिळवली. माशीतही, पीरियड आणि टाइमलेसचा एम-आरएनए सतत बनत ठेवला तरी काही माश्यांमध्ये वागणुकीची लय परत येते. २००६ साली मायर, साएझ आणि यंग यांनी जिवंत पेशींत पाहिलं, तर पीरियड-टाइमलेस जोडी पेशीद्रवात सुमारे सहा तास थांबते आणि मग थोड्याच वेळात सुटून दोघं केंद्रकात शिरतात. ताशी १.९ सारख्या एका सरळ दरातून असं ‘थांबा आणि एकदम निघा’ मिळत नाही. इथे जुनी समीकरणं अपुरी पडतात. प्रथिनांच्या आपापसातल्या घडामोडींना नव्या मॉडेलमध्ये बरीच जास्त जागा द्यावी लागते.

माशीच्या गणिताचा माणसाला काय उपयोग?

डबलटाइमचं माणसातलं भावंड म्हणजे केसीन कायनेज १ या कुळातली विकरं. काही कुटुंबांत माणसं संध्याकाळी सात-आठलाच झोपतात आणि पहाटे चारला टक्क जागी होतात. २००१ साली अशा एका कुटुंबात पीरियड-२ या, माशीच्या पीरियडच्या माणसातल्या भावंड-जनुकात बदल सापडला. तो नेमका या विकराच्या कामाशी निगडित होता. २००५ साली दुसऱ्या एका कुटुंबात विकराच्याच जनुकातला बदल मिळाला.

या विकरावर औषध शोधायचं तर त्याचा वेग वाढवायचा की कमी करायचा, हे आधी ठाऊक हवं. इथे बराच काळ गैरसमज होता. १९८८ साली सापडलेल्या ‘टाऊ’ या म्युटंट हॅमस्टरचं (उंदरासारखा छोटा प्राणी) घड्याळ २० तासांचं आहे, आणि त्याचं हे विकर परीक्षानळीत मंद दिसत होतं. म्हणून विकर मंदावलं की घड्याळ धावतं, असं सगळे मानून चालले. २००६ साली डॅनियल फोर्जर आणि डेव्हिड व्हर्शप यांच्या गटाने हेच गृहीतक समीकरणांत घातलं, तर घड्याळ मंदावलं. आवर्तकाळ आखूड करायचा तर पीरियड प्रथिनापुरतं विकर जास्त तत्पर असायला हवं, असं मॉडेल सांगत होतं. त्यांनी पेशींत तपासलं. टाऊ विकराच्या सान्निध्यात पीरियड प्रथिन खरोखरच अधिक वेगाने मोडत होतं. त्या उलट्या समजुतीवर विसंबून घड्याळ आखूड करणारं औषध शोधलं असतं, तर विकराला थोपवणारा रेणू निवडला गेला असता आणि रुग्णाचं घड्याळ आणखी लांबलं असतं.